पावणेदोन हात मोकळीक

"काका, जुनं दावं सोडल्यापासून नवं बांधेपर्यंत मध्ये किती वेळ जातो?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या बाकावर बसणाऱ्या ठुमकी शेळीचा आहे. पण तो विचारायची पैज माझ्यावर लागली होती, कारण आमच्या वर्गात सध्या सगळ्यात धीट मी आहे. असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. मला दोन दात आले, शिंगं बोटभर वर आली आणि त्याच आठवड्यात यंदाच्या मोकळीक दिनाची मानाची कालवड म्हणून माझी निवड झाली. एवढं सगळं एकदम झाल्यावर कुणीही धीट होतं.

"विचारलंस तर महिनाभर तुझ्या वह्या खाणार नाही," ठुमकी म्हणाली होती. "नाही विचारलंस तर आज मधल्या सुट्टीत भूगोल."

काजळी नुसती हसली. काजळी म्हणजे आमच्यातली म्हैस. तिला हसू यायला वेळ लागतो, पण एकदा आलं की ते तासभर टिकतं.

तर गोष्ट अशी आहे.

एका राज्यात माणसं नव्हती, म्हणून तिथली सगळी जनावरं सुखी होती. हे वाक्य आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे आणि परीक्षेत दोन गुणांना येतं. राज्याचं नाव चौखूर, राजधानी दावणपूर. फार पूर्वी या दावणपुरात माणसांचा मोठा बैलबाजार भरायचा. मग एके वर्षी माणसं निघून गेली (का गेली तो धडा यंदा वगळलाय) आणि जनावरांनी स्वतःचं राज्य आणलं. दर पाच वर्षांनी निवडणूक होते. एकदा रेडेसाहेब जिंकतात, एकदा पोळसाहेब. पोळ म्हणजे देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू. कुणाच्याही शेतात चरलं तरी त्याला कुणी हाकलत नाही. साहेबांचा प्रशासनाचा अनुभव तिथला.

आमच्याकडे प्रत्येक नागरिकाच्या गळ्यात सरकारचं दावं असतं. दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. शाळेला, सभेला किंवा कामाला जाताना तेवढ्यापुरतं ते टोक सरकारी परवानगीनं सुटतं, गळ्यातली गाठ मात्र नाही. हरलेलं सरकार जाताना आपलं दावं सोडून घेऊन जातं आणि जिंकलेलं सरकार आपलं बांधतं. या सोहळ्याला मोकळीक दिन म्हणतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते आणि पेंडीचा लाडू मिळतो. स्टेजवर एका कालवडीच्या गळ्यातलं दावं सगळ्यांसमक्ष सोडतात, गुलाल उधळतात, मग नवं बांधतात. ती कालवड म्हणजे मानाची कालवड. ती कालवड म्हणजे मी. महिनाभर आरशात बघून मान तिरकी करायचा सराव चालला होता. डावी बाजू जास्त चांगली येते.

यंदा पोळसाहेब जिंकले होते. प्रचारसभेतलं त्यांचं भाषण मला पाठ आहे.

"माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्यांना अजून शिंगं फुटलेली नाहीत अशा माझ्या अल्पशिंगी बांधवांनो! रेड्यांनी तुम्हाला काय दिलं? दीड हाताचं दावं! आम्ही काय देणार?"

"पावणेदोन हात!" आम्ही सगळे ओरडायचो.

"दावं कसं?"

"लांब!"

"खुंटा कसा?"

"भक्कम!"

या भाषणाला माझे बाबा पहिल्या रांगेत उभे राहून मान हलवायचे. बाबा घुंगरांची माळ घालूनच सभेला जातात, म्हणजे मान हललेली ऐकू जाते. सोहळा नीट पार पडला, तर बाबांना आमच्या दावणीचं प्रमुखपद मिळणार होतं. दावणप्रमुखाचं काम म्हणजे रोज संध्याकाळी ओळीतल्या प्रत्येकाच्या गळ्याची गाठ तपासणं. त्या बदल्यात एक पेंढी कडबा जास्त. थोडक्यात, आमच्या घराचा सगळा उत्कर्ष माझ्या मानेवर होता. असं बाबाच म्हणाले होते, आणि मी ती आणखी तिरकी केली होती.

मोकळीक दिनाच्या आठ दिवस आधी शाळेनं आमची सहल जुन्या बैलबाजारात नेली. तो सगळा भाग आता ऐतिहासिक म्हणून जपून ठेवलाय. सहल पायीच होती. गाडी ओढायला कुणी तयार नसणं हीच खरी स्वातंत्र्याची खूण, असं आमच्या लोकरेबाई म्हणतात. बाई मेंढी आहेत.

"एकामागून एक चला," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीनं पुढचीचं शेपूट बघा. इकडेतिकडे बघायचं नाही. इतिहास आपोआप दिसतो."

बाजारात माहिती सांगायला धोंडूकाका होते. धोंडूकाका म्हणजे म्हातारं गाढव. ती नोकरी गाढवालाच देतात, कारण इतिहासावर बोलायचं म्हणजे पाठीवर ओझं घेऊन न कुरकुरणारा लागतो.

"हा दगडी हौद," काका म्हणाले. "लांबून आलेली जनावरं इथे पाणी प्यायची. विकायच्या आधी पोटभर पाजायचे."

"किती प्रेमळ!" लोकरेबाई म्हणाल्या.

"पोट मोठं दिसायचं," काका म्हणाले.

पुढे एक ओटा होता. त्यावर उभं करून गिऱ्हाईक जनावराचा ओठ उचलायचं आणि दात मोजायचं. दातांवरून वय कळतं. "आमच्याकडे पण मतदार यादीत दात मोजतात!" मी म्हणाले. मला वाटलं काका शाबासकी देतील. काकांनी फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घाईनं तोंड मिटलं.

मग काचेच्या पेटीत एक मळकं उपरणं होतं. "दोन माणसं या उपरण्याखाली हात घालायची," काका म्हणाले, "आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची. तोंडानं काही बोलायचं नाही. जनावर शेजारीच उभं असायचं, पण त्याला आपला भाव कळायचा नाही."

"आता असं नाही," बाई लगेच म्हणाल्या. "आता आपल्याला बोटंच नाहीत."

"माकडांना आहेत," काजळी म्हणाली. एवढं एकच वाक्य ती दिवसभरात बोलली.

बाईंनी तिला पुढचीचं शेपूट बघायला सांगितलं. पण खरं होतं ते. आमच्या राज्यात गाठ मारायचं खातं माकडांकडे आहे. सरकार रेड्यांचं असो नाहीतर पोळांचं, गाठ तीच माकडं मारतात.

शेवटी आम्ही खुंट्यांच्या ओळीपाशी आलो. लांबच लांब ओळ, प्रत्येक खुंटा मानेच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला. ओळ संपली की चाळीस पावलांवर फाटक. म्हणजे दोन दगडी खांब. मधे दार नाही. पलीकडे नुसतं ऊन.

"इथला एक रिवाज होता," धोंडूकाका म्हणाले. "जनावर विकलं तरी विकणारा दावं द्यायचा नाही. दाव्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते म्हणायचे. म्हणून तो आपलं दावं सोडून कमरेला गुंडाळायचा. घेणाऱ्यानं आपलं दावं घरून आणायचं. आपला मोकळीक दिन त्यातूनच आलाय."

मागून ठुमकीनं माझ्या मांडीला शिंग टोचलं. मी पुढचं शेपूट सोडून मान वर केली (डावी बाजू पुढे) आणि तो प्रश्न विचारला. जुनं सोडल्यापासून नवं बांधेपर्यंत किती वेळ जातो?

लोकरेबाईंची लोकर उभी राहिली. धोंडूकाकांनी दोन्ही कान माझ्याकडे वळवले.

"नाव काय गं तुझं?"

"चंद्री. मी यंदाची मानाची कालवड आहे."

"ते मी विचारलं नाही," काका म्हणाले. "बावीस वर्षं झाली मला इथे. हे कुणी विचारलंच नाही. माणसांच्या काळात तो वेळ फार धोक्याचा समजायचे. तेवढ्या वेळात जनावर कुणाचंच नसायचं. म्हणून तीन माणसं लागायची. एक शिंगं धरायला, एक शेपूट पिरगाळायला, एक दावं बांधायला. तो खांबावरचा दगड वाच."

दगडावर कोरलं होतं: बिनदाव्याचं जनावर फाटकाबाहेर पडलं, तर त्यावर कुणाचाही हक्क नाही.

"आणि आता किती माणसं... म्हणजे किती माकडं लागतात?" मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा स्वतःचा होता.

"एकच. गाठ मारायला."

"आणि शिंगं कोण धरतं?"

"धरावी लागत नाहीत," काका म्हणाले. "मान आपणहून पुढे येते."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, कारण मला वाटलं हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

"पलीकडे काय आहे?" ठुमकीनं विचारलं.

"गायरान. सगळ्यांच्या मालकीचं कुरण," काका म्हणाले. "निदान कागदावर सगळ्यांच्या मालकीचं."

"म्हणजे अंधश्रद्धा," बाई म्हणाल्या आणि सहल संपली.

परत येताना मी मैत्रिणींना जाहीर करून टाकलं. सोहळ्याचं स्टेज खुंट्यांच्या ओळीच्या टोकालाच असतं, तिथून फाटक चाळीस पावलं. मोकळीक दिनाला माझं दावं सुटेल. तेवढ्या वेळात मी धावत सुटणार, फाटकाबाहेर जाणार आणि गायरानात उभी राहून हंबरणार.

"नक्की?" ठुमकी म्हणाली.

"मी कोण आहे?"

"मानाची कालवड."

"मग!"

मोकळीक दिन उजाडला. सोहळा जुन्या बाजारातच असतो. सगळी प्रजा खुंट्यांच्या ओळीला बांधून उभी होती. रेडेसाहेबांच्या माणसांनी, म्हणजे माकडांनी, भराभरा सगळ्यांची जुनी दावी सोडली आणि गुंडाळून नेली. स्टेजवर माझंही सुटलं. गुलाल उडाला. माझ्या नाकात गेला आणि इतिहासातल्या त्या क्षणी मी अकरा वेळा शिंकले. म्हणून धावता आलं नाही. हे कारण मी ठुमकीला नंतर पुष्कळदा दिलंय.

मग पोळसाहेबांनी आज्ञा केली, "नवी दावी आणा!"

दावी आली नाहीत.

झालं असं होतं की दावी वळायला सरकारी गोदामात साठवलेला सगळा वाख, म्हणजे दोराचा धागा, संपला होता. चौकशी समिती बसली. स्टेजच्या मागेच बसली. वाख उंदरांनी खाल्ला, असा अहवाल तिनं दिला. उंदरांनी निवेदन दिलं की आम्ही फक्त धान्य खातो, आमची बदनामी थांबवा. तेवढ्यात गोदामामागच्या वडावर माकडांची पोरं नव्याकोऱ्या झोक्यांवर झोके घेताना दिसली. समितीनं वर बघायचं नाही असं एकमतानं ठरवलं.

आणि अख्खं चौखूर राज्य उघड्या मानेनं बाजारात उभं राहिलं. फाटक चाळीस पावलांवर. दार नाही. शिंगं धरायला कुणी नाही.

सगळे उभेच राहिले.

पहिला तास आनंदात गेला. दुसऱ्या तासाला कुजबुज सुरू झाली. "मान हलकी हलकी लागतेय हो, ताप तर नाही ना?" "माझ्या तर मानेला वारा बाधला." पवळामामा नावाच्या थोराड बैलानं माशी उडवताना चुकून एक पाऊल जास्त टाकलं आणि ते दाव्याच्या लांबीच्या बाहेर गेले. आपण कुठे आहोत हे लक्षात आल्यावर त्यांना घेरी आली. शेजाऱ्यांनी त्यांना शिंगांनी ढकलत खुंट्यापाशी परत आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांची माफी मागितली.

तिसऱ्या तासाला आंदोलन पेटलं. जो तो आपापल्या खुंट्याभोवती गोल फिरत घोषणा देऊ लागला. "दावं आमच्या हक्काचं!" "दावं द्या, नाहीतर गादी सोडा!" रेडेसाहेबांनी लगेच पाठिंबा जाहीर केला. "आमच्या काळात दावं दीड हाताचं असेल, पण होतं!" लोकांचे डोळे भरून आले.

पोळसाहेबांना घाम फुटला. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, तू बोल काहीतरी. तू गोंडस दिसतेस."

आता इथे मला कुणी दोष देऊ नये. समोर अख्खं राज्य. पहिल्या रांगेत बाबा, घुंगरं घालून. ऊन डाव्या बाजूनं. मी पुढे झाले आणि बोलले.

"माझ्या मोकळ्या बांधवांनो!" मी म्हणाले. "आज आपल्या गळ्यात दावं नाही. पण मी विचारते, दावं म्हणजे काय नुसता दोर आहे? दावं गळ्यात नसतं, दावं मनात असतं! ज्याच्या मनात दावं आहे, त्याला कोण मोकळं करू शकतं?"

"कुणी नाही!" प्रजा गरजली.

काय टाळ्या पडल्या! म्हणजे खूर आपटले. हौदातलं पाणी हललं. माझ्या अंगावर काटा आला. मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की चौथ्या वेळी मला ते पटलं. पोळसाहेबांनी डोळे पुसले आणि जागच्या जागी फर्मान काढलं: 'नवी दावी येईपर्यंत सर्व नागरिकांनी आपण बांधलेले आहोत असे समजून वागावे. समजण्याची लांबी पावणेदोन हात. यापेक्षा लांब समजणाऱ्यास दंड.'

बाजारात केवढा सुटकेचा निःश्वास पडला! जो तो आपल्या खुंट्याशी पावणेदोन हातांवर नीट उभा राहिला. माकडांनी ओळीनं फिरून प्रत्येकाच्या गळ्याशी हवेतच गाठ मारली. माझ्यासमोर माकड आलं तेव्हा मी मान पुढे केली. थोडी तिरकी. डावी बाजू.

तेवढ्यात खालून ठुमकी ओरडली, "चंद्रे! मोजतेयस ना? किती वेळ झाला?"

मी तिच्याकडे बघितलं. ठुमकी तिच्या खुंट्याशी नव्हती. ती फाटकाच्या पलीकडे उभी होती. तोंडात काहीतरी हिरवं होतं आणि ते भूगोलाचं पुस्तक नव्हतं.

ती सगळ्यांदेखत चालत आत आली, शांतपणे चघळत. "आहे गं गायरान," मला म्हणाली. "फार दाट नाही. मधून मधून चरलेलं आहे, साहेबांचे खूर उमटलेत. पण आहे."

तिला लगेच दंड झाला. दावं तोडल्याबद्दल.

याला आज नऊ दिवस झाले. नवी दावी अजून आलेली नाहीत आणि आता कुणी विचारतही नाही. उलट मागच्या सरकारच्या दाव्यापेक्षा हे दावं मऊ आहे, काचत नाही, असं सगळे म्हणतात. बाबा दावणप्रमुख झाले. रोज संध्याकाळी ओळीतून फिरतात, प्रत्येकाच्या मानेपाशी नाक नेतात आणि विचारतात, "गाठ घट्ट?" "घट्ट!" म्हणून उत्तर येतं. एक पेंढी कडबा जास्त येतो. तो मीही खाते, आणि छान लागतो.

माझं भाषण शाळेच्या भिंतीवर लिहिलंय. पुढच्या वर्षी ते पाठ्यपुस्तकात येणार आहे. संदर्भासह स्पष्टीकरणाला. काल धोंडूकाका शाळेत आले होते. आपल्या माहितीच्या पाटीवर नवी ओळ लिहायची म्हणून ते मला विचारायला आले होते.

"चंद्री, तू विचारलं होतंस ना, मध्ये किती वेळ जातो? काय लिहू?"

मी हिशोब करायला लागले आणि करता करता थांबले. जुनं सुटलं होतं. नवं बांधलेलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "तो वेळ अजून चालू आहे."

काकांनी कान हलवले आणि पाटी लिहायला गेले.

एवढं कळल्यावर मी लगेच धावत सुटायला हवं होतं. मी काय केलं, तर घरी येऊन खुंट्याशी उभी राहिले आणि रवंथ केला. खोटं कशाला बोलू? हे सगळं मी लिहितेय तेसुद्धा खुंट्यापासून पावणेदोन हातांच्या आत बसून. मघाशी एकदा मुद्दाम पुढचा पाय पलीकडे टाकून बघितला. काही झालं नाही. तरी मी तो पटकन मागे घेतला आणि कुणी बघितलं का ते पाहिलं. आईनं बघितलं होतं.

आई बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, "मी पण मानाची कालवड होते एकदा."

"मला माहितीये."

"मी पण ठरवलं होतं. चाळीस पावलं मोजून ठेवली होती."

"मग?"

"मनातल्या मनात ठरवलं होतं," आई म्हणाली. "मनातल्या मनात ठरवलेलं मोडलं, तर कुणाला कळत नाही."

तेवढ्यात बाबा ओळ तपासून परत आले. घुंगरं वाजवत माझ्यापाशी थांबले. "गाठ घट्ट?"

मी उठून उभी राहिले. मान सरळ ठेवली. तिरकी न करता उभं राहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी मोठ्यानं म्हणाले, म्हणजे शेजारच्या तीन खुंट्यांनाही ऐकू जाईल असं. "उद्या सकाळी मी फाटकाबाहेर जाणार आहे. तुमचं प्रमुखपद गेलं तर त्या पेंढीपुरती मी उपाशी राहीन."

"अगं, पण दावं तुटेल ना!" बाबा घाबरून म्हणाले.

"तेच सांगतेय, बाबा. परवानगी नकोय मला. फक्त उद्या मी निघाले की तुम्ही 'दावं तुटेल' असं ओरडू नका. तुम्ही ओरडलात, तर मी थांबेन."